विनूचे पाय आणि अ जीवनसत्त्व

माझा धाकटा भाऊ विनू जमिनीवरून कसा उठायचा, ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. आधी तो पालथा व्हायचा, मग हातापायांवर यायचा, मग दोन्ही तळहात आपल्याच नडग्यांवर ठेवायचा, तिथून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगाला धरून धरून तो सरळ व्हायचा. उभा राहिला की हसायचा, कारण तेवढ्यात आमचं सगळ्यांचं ताट अर्धं रिकामं झालेलं असायचं. आम्ही ती त्याची खोड समजत होतो. बाबा म्हणायचे, "आळशी हाय लेकाचा, सावकाशीनं उठते." त्यात त्याच्या पोटऱ्या अशा भरलेल्या आणि टणक होत्या, की शेजारच्या बायका त्या दाबून बघायच्या आणि हा पैलवान होणार असं आईला सांगायच्या. त्या पोटऱ्यांतला स्नायू मरत होता आणि त्याच्या जागी चरबी भरत होती, हे पुढे कळलं. तोवर आईनं त्या पोटऱ्यांची मीठ-मिरच्यांनी किती वेळा दृष्ट काढली असेल, कोण जाणे.

भिलाईच्या एका जुन्या सेक्टरात आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. बाबा कारखान्यात क्रेन चालवायचे. भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांधावरून उठून ते थेट त्या उंच केबिनमध्ये जाऊन बसले होते, आणि खाली लाल झालेलं लोखंड, वर ते, असे आठ-आठ तास काढायचे. त्या आवाजानं त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून घरातही ते ओरडूनच बोलायचे आणि आम्हीही त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो. नवखा माणूस दारात उभा राहिला तर त्याला भांडण चाललंय असं वाटावं. भोंगा झाला की आई शेगडीवर भात टाकायची. भात, अंबाडीची भाजी, भेदराची म्हणजे टोमॅटोची चटणी, कधी वडीचा रस्सा, आणि बहुतेक दिवस लाखोळीच्या डाळीचं वरण. विनूचे पाय जिन्यावर अडखळायला लागले तेव्हा कोणीतरी आईला सांगितलं, की लाखोळीनं पाय जातात. त्या दिवशी आईनं डबाभर डाळ मागच्या नालीत ओतली आणि पुन्हा कधी घरात येऊ दिली नाही. बाबांना ती डाळ फार आवडायची. त्यांनी एकदाही मागितली नाही.

डाळ बंद करूनही विनू पडतच राहिला, तेव्हा आम्ही त्याला घेऊन नागपूरला गेलो. मी बरोबर होते, कारण डॉक्टरांचं इंग्रजी मला कळेल असा बाबांचा विश्वास होता. डॉक्टर वयस्कर होते, सावकाश आणि मराठीतच बोलले. म्हणाले, याच्या स्नायूंच्या पेशी आपोआप फाटतात. शरीर नव्या पेशी करून ते सांधत राहतं, पण नव्या पेशींतही तोच दोष असतो, त्याही फाटतात, आणि एक दिवस सांधणं संपतं. चालणं जाईल, मग हात, मग श्वास. बाबांना नीट ऐकू आलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाबा, औषध नाही म्हणतात." हे मला भर खोलीत ओरडून म्हणावं लागलं. डॉक्टरांनी आईला विचारलं, की तुमच्या माहेरी कुणाचे असे पाय गेले होते का. आईचे दोन भाऊ लहानपणी गेले होते, ते अंगणात बसून असायचे एवढंच तिला आठवत होतं. हे आईकडून मुलाकडे येतं, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या गाडीत डोंगरगडचा डोंगर दिसला तेव्हा डब्यातल्या सगळ्यांनी देवीला हात जोडले. आई दरवेळी सगळ्यांच्या आधी जोडायची. त्या दिवशी तिचे हात पदराखाली होते, ते तिथेच राहिले.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय प्राणिशास्त्र. आमच्या चौबे मॅडम कोंबडीच्या गर्भावर संशोधन करत होत्या आणि मदतीला त्यांनी मला घेतलं होतं. कुरुदच्या एका पोल्ट्रीतून मी सायकलवर अंडी आणायची. आता त्या बाजूला सगळ्या कॉलन्या झाल्या, तेव्हा शेतं होती आणि कच्च्या रस्त्यावर एकेक खड्डा चुकवत यावं लागायचं. मॅडम अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडायच्या. आत रक्ताच्या बारीक रेषा आणि मधे धडधडणारा लाल ठिपका दिसायचा. त्या गर्भाला पाय फुटायच्या बेतात असताना त्या एका पिवळ्या भुकटीचं द्रावण थेंबाथेंबानं घालायच्या. ती भुकटी उजेडात खराब होते म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळलेला असायचा आणि प्रयोगशाळेच्या खिडक्या बंद. अ जीवनसत्त्वापासून शरीर जे आम्ल तयार करतं, तेच ते होतं. मॅडमनी मला एका नियतकालिकातले फोटो दाखवले. पहिल्या फोटोत स्नायूंच्या कोवळ्या पेशी होत्या, सुट्या सुट्या, विखुरलेल्या. दुसऱ्यात, ते आम्ल घातल्यावर, त्यांनी वाढणं थांबवलं होतं, एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यांचे लांब, जाड धागे झाले होते. "देखो मालती," मॅडम म्हणाल्या, "इसी से कोशिका को समझ आता है कि उसे मसल बनना है।" आणि मग त्यांनी शेजारचं एक अंडं दाखवलं, ज्यात थेंब जास्त पडला होता. त्या गर्भाचा पाय वेडावाकडा, बोटं जास्तीची, डोकं लहान. "ज़्यादा हुआ तो यही ज़हर है।"

मी तो दुसरा फोटो डोळ्यांत घेऊन घरी आले. बाबा ड्यूटीवर होते, आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. विनू भिंतीला टेकून बसला होता आणि आई त्याच्या ताटात भात कालवून देत होती. नागपूरहून आल्यापासून आमच्या घरात जेवताना कोणी बोलत नसे. मला ती शांतता सहन होईना. मी सांगितलं, अ जीवनसत्त्वानं स्नायूच्या पेशी जुळतात, त्यांचे धागे होतात, मी फोटो बघितला. आईचा हात भातात थांबला. तिनं विचारलं, "खरंच? तू सोता पायलं?"

"हो, फोटोत पाहिलं."

"कशात राहते ते?"

"गाजरात, पपईत, मुनग्याच्या पाल्यात, लाल भाजीत. कलेजीत सगळ्यात जास्त."

आईचा चेहरा कसा बदलला ते सांगणं मला जमणार नाही. कित्येक महिन्यांनी तिनं मान वर केली होती. थेंब जास्त पडलेल्या अंड्याची गोष्ट माझ्या ओठांवर होती. मी ती सांगितली नाही. फोटोतल्या पेशी निरोगी प्राण्याच्या होत्या, विनूच्या नव्हत्या, हेही मला कळत होतं. मी पाणी प्याले आणि ताट उचललं. पुढे तीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. जीवनसत्त्वांचा तक्ता दरवर्षी फळ्यावर लिहावा लागायचा, आणि पहिल्याच ओळीला माझा खडू अडायचा. मुलांना वाटायचं, मॅडम विसरल्या.

दुसऱ्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर बदललं. मागच्या अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड होतंच, त्याचा पाला रोज उतरवला जाऊ लागला. आई तो कांद्यात परतायची, भाकरीत मळायची, वाळवून त्याची भुकटी वरणात टाकायची. पिकलेली पपई, गाजराचा कीस, लाल भाजी. विनूच्या भाताला लाल भाजीचा रंग चढायचा. आणि माझी आई, जिनं माळ घातल्यापासून मटणाच्या पातेल्याला हात लावला नव्हता, ती अंगणात वेगळी चूल मांडून कलेजी शिजवायला लागली. नाकाला पदर लावून ढवळायची, मग आंघोळ करून घरात यायची. विनूला कलेजीचा वास आवडायचा नाही. तो म्हणायचा, "ताई, किती दिवस खाऊ?" मी म्हणायची, "धागे तयार होतपर्यंत." तो मुकाट खायचा. संध्याकाळी मला पोटऱ्या दाबायला लावायचा आणि विचारायचा, "झाले का वं?"

शेजारच्या देवांगन काकी एका बालवाडीत आया होत्या. त्यांनी एक दिवस आईला केशरी रंगाच्या औषधाची बाटली आणून दिली. लहान मुलांना रातांधळेपणा येऊ नये म्हणून ते देतात. "ले बहिनी, एमा उही विटामिन हे, लइका ला पिया दे," काकी छत्तीसगढीत म्हणाल्या; यात तेच जीवनसत्त्व आहे, पोराला पाज. मनानं चांगली बाई. ते औषध सहा महिन्यांतून एकदा, एकच चमचा द्यायचं असतं, हे त्यांनी सांगितलं की नाही, आईनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मी कॉलेजात होते. आईनं ती बाटली देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि रोज सकाळी दिवा लावून झाला की विनूला एक चमचा द्यायला लागली. बाटली मला दिसत होती. वरचं लेबल अर्धं फाटलेलं होतं. मी ती हातात घेऊन वाचली नाही. वाचली असती तर थांबवावं लागलं असतं, असं आज वाटतं.

ते दिवस आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते. विनू हसायचा. आई ओव्या पुटपुटत भांडी घासायची. बाबा ड्यूटीवरून येताना पपई आणायचे आणि दारातूनच ओरडायचे, "कुठं हाय माझा पैलवान?" एक दिवस विनू ओट्याच्या पायरीवर बसला होता, तो हात न टेकता उठला. एकदाच. पायरी उंच होती, म्हणून जमलं असेल. आईनं ते पाहिलं, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडली. काकींकडून तिनं दुसरी बाटली आणली.

आधी त्याचे ओठ फाटले. आईनं तूप लावलं. मग तळहातांची आणि तळपायांची कातडी सोलायला लागली, आणि आई म्हणाली, जुनं जाऊन नवं येऊन राहिलं. मग डोकं दुखायला लागलं. शाळेतून घरी येऊन तो उशी डोक्यावर दाबून पडून राहायचा. पायांची हाडं दुखतात म्हणायचा, हात लावू द्यायचा नाही. उलट्या सुरू झाल्या. एका सकाळी त्यानं आईला विचारलं, "आई, तू दोन कावून दिसून राहिली?" तेव्हा बाबांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि आम्ही दवाखान्यात गेलो.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी विनूच्या डोळ्यांत बत्ती धरून बघितलं, कातडी बघितली, आणि हिंदीत विचारलं की याला काय काय देता. बाबा ओरडून म्हणाले, "भाजी-भात, साहब. घर का खाना." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, कोई दवाई?  मी बाटलीचं नाव काढलं नाही. मग आईनं पिशवीतून ती बाटली काढून टेबलावर ठेवली. ती बरोबर घेऊन आली होती, म्हणजे तिला शंका आली होती. डॉक्टरांनी लेबलाचा उरलेला तुकडा वाचला. "रोज़?" त्यांनी विचारलं. आईनं मान हलवली. त्यांनी बाटली आपल्या बाजूला सरकवून ठेवली. मग म्हणाले, यकृतात साठून विष झालंय, मेंदूवर दाब आलाय, आता बंद करा, आणि हा वाचला तर नशीब समजा. बाबांना यातलं निम्मं ऐकू आलं. ते आईकडे वळले.

"कोण सांगतलं तुले हे द्याले?"

  आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणी नाई सांगतलं," ती म्हणाली. "माह्याच मनानं देल्लं."

बाबांनी त्यानंतर आईशी दोन महिने बोलणं टाकलं. मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाचं ते गप्प राहणं घरभर पसरलं होतं. मी खरं सांगायला दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा त्यांनी कानाला हात लावून "काय?" म्हणून विचारलं. ओरडून सांगायची हिंमत मला झाली नाही.

विनू वाचला. उलट्या थांबल्या, दृष्टी जाग्यावर आली, हातापायांना नवी कातडी आली. पण तो पाच-सहा आठवडे अंथरुणात होता, आणि अशा आजारात पायांना तेवढे दिवस पडून राहणं पुरतं. त्याला उठवायला गेलो तेव्हा गुडघ्यांनी साथ दिली नाही. त्यानं नेहमीसारखे हात नडग्यांवर ठेवले, गुडघ्यांपर्यंत आणले, आणि तिथेच थांबला. पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळेला तो स्वतःच खाली बसला आणि म्हणाला, "उद्या पाहू." त्यानंतर तो कधी उभा राहिला नाही. त्याचं चालणं तसंही जाणार होतं, एखाद्या वर्षात, फार तर दीड. ते वर्ष आम्ही त्याच्याकडून काढून घेतलं.

मी चौबे मॅडमना सगळं सांगितलं. अंड्यांचा ट्रे हातात होता, तो टेबलावर ठेवून सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की थोडं दिलं असतं तरी काही झालं नसतं. त्याच्या शरीरात पेशी जुळण्याचं काम चालूच आहे, धागे तयार होतच आहेत. धागा टिकवणारी वस्तूच त्याच्याकडे जन्मापासून नाही. ती अ जीवनसत्त्वात नाही, कशातच नाही. मग त्यांनी खिडकी उघडली. इतक्या महिन्यांत मी ती खिडकी उघडी पाहिली नव्हती. पुढच्या आठवड्यापासून मी अंडी आणणं सोडलं.

विनूसाठी बाबांनी कारखान्यातल्या वेल्डरकडून चाकांची खुर्ची करून घेतली होती. ती जड होती, पण भक्कम. एका दुपारी मी त्याला अंगणात मुनग्याच्या सावलीत बसवलं होतं. तो तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेल. बराच वेळ तो आपल्या पायांकडे बघत होता. मग म्हणाला, "ताई, एक विचारू? खरं सांगजो."

"विचार."

"आईनं थोडं कमी देल्लं असतं, तं झालं असतं का?"

मी त्याच्याशी आधीही खोटं बोलले होते, निदान अर्धं बोलले होते, आणि त्याचा परिणाम माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. मी म्हटलं, "नाही विनू. कितीही कमी दिलं असतं, बरोबर मोजून दिलं असतं, तरी नसतं झालं."

त्यानं मान हलवली. रडला नाही. मग म्हणाला, "आईले नको सांगजो."

मला वाटलं, तो लहान आहे, त्याला कळत नाही. आईला हे कळलं तर तिच्या मनावरचं ओझं उतरेल, असं माझं म्हणणं होतं. तो हट्टानं म्हणाला, "नाई. शपथ घे." मी शपथ घेतली. त्यानंतर तो पाच वर्षं होता. आधी खुर्चीत, मग पलंगावर. शेवटी शेवटी कूस बदलायलाही कुणीतरी लागायचं, आणि ते बहुतेक वेळा बाबा असायचे. ड्यूटीवरून येऊन हातपाय धुवायच्या आधी ते त्याची कूस बदलायचे. एका थंडीत त्याला खोकला झाला आणि तो खोकला बाहेर टाकायला त्याच्या छातीत जोर उरला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. आईच्या रक्तातलं ते माझ्याही रक्तात असण्याची शक्यता होती. तपासण्या पुढे आल्या, मी केली नाही, आणि लग्नही केलं नाही. याबद्दल लोकांनी बरंच काही ठरवून टाकलं होतं, ते मी ठरवू दिलं.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, कोहक्याला मी घर घेतलं. तोवर छत्तीसगड वेगळं झालं होतं आणि शेजारच्या मराठी घरांतली पोरं आपसांत हिंदीच बोलायला लागली होती. बाबा गेल्यावर घरात आई आणि मी. तिचं बोलणं कमी कमी होत गेलं होतं, पण विनूचा विषय निघाला की ती एकच वाक्य म्हणायची. "माहा हात चुकला. मोजून देल्लं असतं तं पोट्टा चालला असता." भाजी निवडताना म्हणायची, दिवा लावताना म्हणायची. मी दर वेळी शपथ आठवून गप्प राहायची. शेवटच्या वर्षी मात्र माझ्याच्यानं राहवेना. ती अंथरुणाला खिळली होती. इतका दोष घेऊन तिनं जाऊ नये असं मला वाटलं. मी तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला आणि आधी सांगितलं की ती गोष्ट घरात मी आणली होती, अर्धी आणली होती. ती म्हणाली, "मले माहीत हाय." मग मी दुसरं सांगितलं. "आई, तुझा हात नाही चुकला. त्याच्यावर औषधच नव्हतं. तू कितीही मोजून दिलं असतंस, तरी विनू चालला नसता."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या चेहऱ्यावर सुटकेची काहीतरी खूण शोधत होते. तिनं माझ्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला.

"असं नको म्हणू बाई," ती म्हणाली. "माह्याच हातानं चुकलं. मोजून देल्लं असतं तं चालला असता."

आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली.